शाळेचा निकाल ५५ टक्के, म्हणजे नेमकं काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की इंदूरच्या वर्तमानपत्रांत दोन-तीन दिवस एकच तक्ता फिरतो. सरकारी शाळेचं नाव, परीक्षेला किती बसले, किती पास झाले आणि शेवटी टक्का. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर भागातल्या मराठी घरांत हा तक्ता जरा जास्तच बारकाईने वाचला जातो, कारण मल्हार आश्रम, महाराजा शिवाजीराव, अहिल्याश्रम या नावांशी कित्येक घरांतल्या आजी-आजोबांचं लहानपण जोडलेलं आहे. एखाद्या सरकारी शाळेचा टक्का घसरलेला दिसला की निवाडा लगेच होतो: शाळा बिघडली, मास्तर शिकवत नाहीत.

कधीकधी तो निवाडा बरोबरही असतो. पण त्या एका टक्क्यावरून तो करता येत नाही. त्या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: शाळेत कोणती मुलं आली, आणि शाळेने त्यांचं काय केलं. पहिली गोष्ट वेगळी काढल्याशिवाय दुसरी दिसत नाही. ती कशी वेगळी काढायची, हे इथे सांगायचं आहे. खाली उदाहरणासाठी घेतलेल्या शाळा आणि त्यांचे आकडे समजण्यापुरते आहेत, ते कुठल्याही प्रत्यक्ष शाळेचे नाहीत.

पास म्हणजे किती?

मध्य प्रदेशच्या माध्यमिक शिक्षा मंडळाची, म्हणजे माशिमंची, दहावीची अलीकडच्या वर्षांतली गणिताची प्रश्नपत्रिका समोर घ्या. लेखी पेपर ७५ गुणांचा, बाकी २५ शाळेतल्या प्रकल्प आणि अंतर्गत मूल्यमापनाचे. प्रश्न २३. पहिले पाच वस्तुनिष्ठ, म्हणजे योग्य पर्याय निवडा, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा असे. ते प्रत्येकी सहा गुणांचे, मिळून ३०. सहा ते सतरा दोन-दोन गुणांचे, म्हणजे २४. अठरा ते वीस तीन-तीनचे, ९. शेवटचे तीन चार-चारचे, १२. आणि पास व्हायला ३३ टक्के, म्हणजे ७५ पैकी २५ गुण.

ही बेरीज नीट पाहिली की कळतं, नुसते वस्तुनिष्ठ प्रश्न बरे सोडवले आणि दोन गुणांचे तीन-चार जमले तरी मूल पार होतं. म्हणून पास होण्याचा टक्का फक्त तळाची रेघ दाखवतो. त्या रेघेच्या वर मुलं कुठे आहेत, २६ गुणांवर की ६० वर, हे त्यातून कळत नाही. दोन शाळांचा निकाल ८० टक्के असेल, तरी एकीत निम्मी मुलं प्रथम श्रेणीत आणि दुसरीत बहुतेक काठावर असू शकतात. तक्त्यात दोघी सारख्याच दिसतात.

नियम बदलले की आकडाही बदलतो. २०१८ पासून काही वर्षं दहावीला ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ होतं: सहापैकी पाच विषयांत पास झालं तरी पास. त्यामुळे त्याआधीचा टक्का आणि नंतरचा टक्का शेजारी ठेवून काही सांगता येत नाही. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल १०० टक्के लागला. २०२५ पासून पूरक परीक्षेच्या जागी दुसरी परीक्षा आली. दहा वर्षांचा आलेख कुणी दाखवला तर आधी विचारावं, या दहा वर्षांत मोजायची पट्टी किती वेळा बदलली?

भागाकारात खाली कोण उभं आहे?

टक्का काढायला दोन आकडे लागतात. वर पास झालेले, खाली एकूण. वरच्या आकड्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, खरी गंमत खालच्या आकड्यात घडते.

समजा एका शाळेत नववीला १२० मुलं होती. त्यातली काही नववीत नापास झाली, काही शाळा सोडून गेली, दहावीच्या हजेरीपटावर ८४ उरली. परीक्षेला बसली ७८. पास झाली ६३. वर्तमानपत्रात छापून येतं ६३ भागिले ७८, म्हणजे जवळपास ८१ टक्के. पण नववीत या शाळेवर विश्वास टाकून आलेल्या १२० मुलांपैकी वेळेत दहावी पार केली ६३ जणांनी. म्हणजे साडेबावन्न टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला परीक्षेचा आहे, दुसरा शाळेचा. (दुसऱ्यात थोडी दुरुस्ती लागते: बदली होऊन दुसऱ्या शाळेत गेलेली मुलं वजा करायची, मधेच आलेली धरायची. टीसीच्या नोंदींवरून ते जमतं.)

इथेच एक वाट फुटते. मंडळाकडे विद्यार्थी दोन प्रकारचे: नियमित आणि स्वाध्यायी. स्वाध्यायी म्हणजे शाळेत रोज न जाता खासगीरीत्या फॉर्म भरणारा. ठळक मथळ्यात येतो तो नियमितांचा निकाल. नियमित म्हणून बसायला ७५ टक्के हजेरी लागते. आता ज्याची हजेरी ६० आहे आणि गणित कच्चं आहे, अशा मुलाला ‘तू प्रायव्हेट फॉर्म भर’ किंवा ‘ओपनमधून (मुक्त शाळेतून) दे’ असं सांगितलं, तर शाळेचा टक्का वाढतो. मुलाला काही मिळत नाही, उलट रोजची शाळा जाते. प्रत्येक वेळी यामागे लबाडी असते असं मुळीच नाही. कधी मूल खरोखर कामाला लागलेलं असतं आणि तोच एक रस्ता उरतो. पण टक्का चढला आणि त्याच वेळी पटसंख्या आटली, तर कौतुक करण्याआधी थांबावं.

नववी हा तर मोठा अडथळा आहे. आठवीपर्यंत मुलं पुढे ढकलली गेली, ही तक्रार अनेक वर्षं होती. मध्य प्रदेशात अलीकडच्या वर्षांत पाचवी आणि आठवीच्या परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर सुरू झाल्या. तरी आठ वर्षांत साचलेलं सगळं कच्चेपण नववीतच उघडं पडतं, आणि निकालाच्या तक्त्यात नववी कुठेच नसते.

गिरणी आणि गहू

दळण घेऊन गिरणीत गेलात. पीठ चांगलं निघालं नाही. गिरणीवाल्यावर चिडण्याआधी आपण एक गोष्ट मनाशी तपासतोच: डब्यात गहू कोणता होता? शरबती होता की ओला, खडे असलेला? तोच गिरणीवाला, तेच जातं, पीठ वेगळं निघतं. गिरणी चांगली की वाईट हे ठरवायचं तर दोन गिरण्यांत एकाच पोत्यातला गहू टाकावा लागेल.

शाळेच्या बाबतीत हे ‘कोणता गहू’ म्हणजे विद्यार्थ्यांची सामाजिक रचना. शब्द जड आहे, अर्थ साधा: वर्गात बसलेली मुलं कोणत्या घरांतून आली, कोणती भाषा बोलत आली, किती वयाची आहेत, आणि आली तेव्हा त्यांना काय येत होतं.

इंदूरसारख्या शहरात सरकारी हायस्कूलच्या नववीत मुलं कुठून येतात ते पाहा. आसपासच्या सरकारी माध्यमिक शाळांतून, म्हणजे सहावी ते आठवीच्या शाळांतून, येतात. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत २५ टक्के जागांवर फुकट शिकलेली मुलं येतात, कारण तो कायदा आठवीपर्यंतच फी भरतो. नववीची फी आई-वडिलांना झेपत नाही आणि ती मुलं इंग्रजी माध्यमातून थेट हिंदी माध्यमाच्या वर्गात येऊन बसतात. धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानीहून बांधकामावर आलेल्या मजुरांची मुलं येतात. त्यांच्या घरी भिली, भिलाली, निमाडी. पुस्तक हिंदीत, आणि गणिताच्या पुस्तकातली हिंदी तर घरातल्या हिंदीहूनही लांबची: द्विघात, बहुपद, समांतर श्रेढी. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरिया या आदिवासी जत्रेसाठी ही कुटुंबं गावी जातात. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चात असतात आणि काही वर्षी दोन्ही गोष्टी एकमेकींवर येतात.

आणि कोण येत नाही? ज्यांना खासगी शाळेची फी देता येते ते. जे जिल्ह्याच्या उत्कृष्ट विद्यालयाची नववीची प्रवेश परीक्षा पास होतात ते. सरकारी शाळांतही निवड आहे, हे बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही. उत्कृष्ट विद्यालयाचा निकाल आणि गल्लीतल्या साध्या सरकारी हायस्कूलचा निकाल दोन्ही ‘सरकारी’ म्हणून एका तक्त्यात लावणं म्हणजे चाळलेला गहू आणि न चाळलेला गहू एकाच भावाने तोलणं.

ही सगळी माहिती शाळेत लिहिलेली असते. प्रवेशाचं दाखिल-खारिज रजिस्टर, ज्याला शाळेत स्कॉलर रजिस्टर म्हणतात, उघडलं की एकेका ओळीत एकेक मूल: स्कॉलर क्रमांक, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय, प्रवर्ग, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख. व्यवसायाच्या रकान्यात पानभर ‘मजदूरी’, ‘मजदूरी’, ‘ड्रायव्हर’, ‘मजदूरी’ दिसतं. प्रवेशाच्या तारखेत जून-जुलैसोबत सप्टेंबरही दिसतो. जन्मतारखेवरून दहावीत अठरा वर्षांचा मुलगा दिसतो. आणि अगदी शेवटी ‘शाळा सोडल्याचं कारण’ हा रकाना. या शेवटच्या रकान्यात जितकं कळतं तितकं निकालाच्या दहा मथळ्यांतून कळणार नाही.

यातली बरीच माहिती सरकारकडे यूडायस प्लस या शाळांच्या नोंदींच्या व्यवस्थेत जाते. प्रत्येक शाळेला ११ आकड्यांचा क्रमांक असतो. त्यातले पहिले दोन राज्याचे, मध्य प्रदेशचे २३. २०२२-२३ पासून त्यात एकेका मुलाची नोंद वेगळी होते. त्याआधी वर्गवार बेरजाच भरल्या जायच्या.

जातीचा रकाना वाचताना एक चूक फार होते, ती इथेच सांगून टाकतो. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांचा टक्का कमी दिसला म्हणजे त्यांची कुवत कमी, असा अर्थ काही जण काढतात. तो चुकीचा तर आहेच, क्रूरही आहे. तो रकाना आपल्याला आई-बापांचं शिक्षण, उत्पन्न, घरातली जागा, शाळेपर्यंतचं अंतर यांबद्दल अप्रत्यक्ष काहीतरी सांगत असतो. त्याच प्रवर्गातल्या शिकलेल्या आईच्या मुलीचा निकाल पाहा, चित्र बदलतं. आईचं शिक्षण हा सगळ्यांत बोलका आकडा, आणि शाळेत तो सहसा कुणी विचारत नाही.

चांगली शाळा खाली कशी दिसते

आता आकडे घेऊ. दोन शाळा, क आणि ख. दोन्हींत दहावीला १०० मुलं. नववीत येताना मुलांचे दोन गट पाडले: पाचवी-सहावीचं गणित नीट येणारी ‘तयार’ मुलं आणि न येणारी ‘कच्ची’ मुलं.

क शाळेत ८० तयार, २० कच्ची. तयारांपैकी ७२ पास (९० टक्के). कच्च्यांपैकी ६ पास (३० टक्के). एकूण ७८.

ख शाळेत २० तयार, ८० कच्ची. तयारांपैकी १९ पास (९५ टक्के). कच्च्यांपैकी ३६ पास (४५ टक्के). एकूण ५५.

वर्तमानपत्रात क ७८ टक्के, ख ५५ टक्के. ख शाळेच्या मुख्याध्यापकांना नोटीस. पण पुन्हा वाचा: तयार मुलं ख शाळेत जास्त प्रमाणात पास झाली, आणि कच्ची मुलंही ख शाळेतच जास्त प्रमाणात पास झाली. दोन्ही गटांत ख वरचढ आहे, तरी एकूण आकड्यात २३ टक्क्यांनी मागे. हातचलाखी कुठेच नाही, गहू वेगळा आहे इतकंच.

पोती बदलून पाहू. क शाळेची मुलं ख शाळेत बसवली तर ८० चे ९५ टक्के म्हणजे ७६, आणि २० चे ४५ टक्के म्हणजे ९. एकूण ८५. ख शाळेची मुलं क शाळेत बसवली तर १८ अधिक २४, एकूण ४२. आता कुणाला नोटीस द्यायची ते सांगा.

मूल आलं तेव्हा कुठे होतं आणि गेलं तेव्हा कुठे पोचलं, यातल्या फरकाला आपण शाळेने घातलेली ‘भर’ म्हणू. शाळा जोखायची तर ती भर पाहायची.

कच्चं म्हणजे किती कच्चं

हा मुद्दा जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. नववीच्या वर्गात फळ्यावर १/२ + १/३ लिहा. कित्येक वह्यांत उत्तर येतं २/५. वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले. मुलाला तो आकडा दिसतो, पण त्यामागचं प्रमाण दिसत नाही. अर्धी पोळी खाल्ली, वर आणखी तिसरा हिस्सा खाल्ला, आणि पोटात गेली अर्ध्याहून कमी, असं त्या उत्तराचं म्हणणं आहे. कारण २/५ हे १/२ पेक्षा लहान. हे पोळीवर दाखवलं की बहुतेक मुलं स्वतःच हसतात आणि पुसतात. बरोबर उत्तर ५/६.

आता दहावी. क्ष² − ३क्ष − १० = ०. गुणाकार −१० आणि बेरीज −३ येईल अशा दोन संख्या शोधायच्या. −५ आणि +२. शिक्षकाला वाटतं मुलाला द्विघात समीकरण कळत नाही. खरं म्हणजे मूल −५ + २ वर अडलेलं असतं. कुणी −७ लिहितं, कुणी ३. दुखतोय घोटा आणि आपण गुडघ्यावर मलम चोळतोय, असा प्रकार. वर्षभर द्विघात समीकरण पाठ करून घेतलं तरी ते बसत नाही, कारण खालची पायरीच नाही.

म्हणून नववीच्या सुरुवातीला बेसलाइन चाचणी (मुलाला आधीचं किती येतं ते पाहणारी) आणि ब्रिज कोर्स (मागचं राहिलेलं भरून काढणारा) ठेवलेले असतात. कल्पना चांगली आहे. बिघडतं कुठे? प्रवेश ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालू राहतात आणि ज्यांना ब्रिज कोर्सची सर्वांत जास्त गरज, ती उशिरा आलेली मुलंच त्याला मुकतात. गणिताची जागा रिकामी असेल तर अतिथी, म्हणजे तात्पुरता, शिक्षक नेमायला वेळ जातो. जो शिक्षक आहे त्याला मतदारयाद्यांच्या कामाला लावलं जातं. आणि सगळ्यांत मोठी चूक म्हणजे, चाचणी घेतली जाते, गुण पोर्टलवर भरले जातात, आणि मुलांचे गट पाडलेच जात नाहीत. सगळा वर्ग एकदम बसवून तेच शिकवलं जातं. ज्याला येतं तो कंटाळतो, ज्याला येत नाही तो पुन्हा मागे.

क्रम साधा आहे: पाढे आणि स्थानमूल्य, मग भागाकार, मग अपूर्णांक, मग ऋण संख्या, मग बीजगणित. मुलाला ज्या पायरीवर ठेच लागते तिथून रोज एक तास. यातली एकही पायरी गाळून पुढे जाता येत नाही.

‘म्हणजे गरिबीचं निमित्त सांगून शाळा सुटली?’

हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारायलाच हवा. घरची परिस्थिती पुढे करून हात झटकणाऱ्या शाळा आहेत. भरीचा हिशेब नेमका त्यांनाच पकडतो. सारख्या मुलांची तुलना सारख्या मुलांशी केली की निमित्त उरत नाही. वरच्या उदाहरणात क शाळेला ७८ टक्क्यांच्या आड लपता येत होतं. गट पाडल्यावर दिसलं की कच्च्या मुलांपैकी ३० टक्केच तिच्या हातून पार होतात, आणि तशाच मुलांना घेऊन ख शाळा ४५ वर जाते. एकूण टक्का पाहिला तर श्रीमंत वस्तीतली सुस्त शाळा सुटते आणि मजूर वस्तीतली राबणारी शाळा मार खाते. मला याची मनापासून चीड आहे, कारण ख शाळेतली चांगली शिक्षिका शेवटी बदली मागते आणि जाते.

‘पण झोपडीतला मुलगा मेरिटमध्ये येतोच की!’ येतो, आणि त्याचा फोटो छापलाच पाहिजे. त्यावरून हे होऊ शकतं एवढं सिद्ध होतं. ते किती वेळा होतं हे कळायला उरलेल्या सगळ्यांकडे पाहावं लागतं. सिंहस्थाच्या गर्दीतून एक जण सायकलवर निघून गेला म्हणून रस्ता मोकळा होता असं आपण म्हणत नाही.

‘खासगी शाळांचा निकाल १०० टक्के असतो त्याचं काय?’ त्यातल्या काही खरोखर उत्तम शिकवतात. पण फी ही चाळणीच आहे, प्रवेशाच्या वेळची मुलाखत दुसरी चाळणी, नववीत ‘तुमच्या मुलाला इथे जमणार नाही’ हे सांगणं तिसरी, आणि घरचा क्लास हा वेगळाच हातभार. शिवाय बरेचदा मंडळच वेगळं असतं, सीबीएसईचं. पेपर वेगळा, तपासणी वेगळी, मुलं वेगळी, आणि तुलना मात्र थेट. साधी सरकारी शाळा दारात आलेल्या मुलाला परत पाठवत नाही. तिच्या कमी टक्क्यात या न नाकारण्याची किंमतही धरलेली असते.

एका वर्षाची उडी

यंदा ६८, गेल्या वर्षी ५७. शाळा सुधारली? बसलेली मुलं किती ते विचारा. ४० मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे अडीच टक्के. ११ टक्के म्हणजे चार-पाच मुलं. दोघांना परीक्षेच्या दिवशी ताप, एकाच्या घरी मयत, दोघांना नेमका अभ्यासातलाच प्रश्न आला, एवढ्यावर हे होतं. गणिताने सांगायचं तर शाळेचा खरा दर्जा ६० टक्क्यांवर जराही न हलता स्थिर असला, तरी ४० मुलांचा निकाल तीनपैकी साधारण दोन वर्षी ५२ ते ६८ च्या दरम्यान कुठेही येईल, आणि अधूनमधून ४५ किंवा ७५ सुद्धा. त्यात शाळेचं ना श्रेय, ना दोष. तीन वर्षांची मुलं एकत्र करा, १२० होतील, आणि हेलकावा साडेचारवर येईल. छोट्या शाळेचा एका वर्षाचा टक्का बातमी म्हणून वाचायलाही योग्य नाही. पहिल्या आणि शेवटच्या नंबरावर बहुतेकदा छोट्याच शाळा दिसतात, त्याचंही मुख्य कारण हेच.

राज्याचा आकडा असा हेलकावत नाही, कारण तिथे लाखो मुलं असतात. माशिमंचा दहावीचा नियमित निकाल २०२४ मध्ये ५८.१० टक्के होता, २०२५ मध्ये ७६.२२. एका वर्षात १८ टक्के. हा योगायोग असूच शकत नाही, काहीतरी नक्की बदललं. पण राज्यभरातले शिक्षक, वर्ग आणि मुलांची घरं बारा महिन्यांत इतकी बदलत नाहीत. म्हणून अशा वेळी परीक्षेची काठिण्यपातळी, तपासणीची पद्धत, सराव आणि कोण-कोण बसलं या चारही गोष्टी पाहाव्या लागतात. आणि एखाद्या शाळेने ‘आमचा निकाल १५ ने वाढला’ असा फलक लावला, तर राज्यच १८ ने वाढलं होतं हे लक्षात ठेवावं. ती शाळा मागे पडली आहे.

मुलं गहू नाहीत

गिरणीचं उदाहरण इथे संपतं, कारण गव्हाचा एक दाणा दुसऱ्याला शिकवत नाही. मुलं शिकवतात. बाकावर शेजारी बसलेल्या मुलीला बेरीज येत असेल तर विचारता येतं. वर्गात पाच जण पुढे कॉलेजला जायचं म्हणत असतील तर सहाव्यालाही तसं वाटतं. ऐंशी कच्ची मुलं एका वर्गात असणं आणि तीच ऐंशी मुलं चार वर्गांत विखुरलेली असणं, यात फार फरक पडतो.

आणि घरं. वाचणारी, विचारणारी घरं शाळेतून बाहेर पडली की त्यांची मुलं जातातच, पण गणिताचा शिक्षक दोन महिने का नाही हे विचारायला येणारा पालकही जातो. इंदुरातल्या मराठी मध्यमवर्गाने गेल्या दोन पिढ्यांत हेच केलं. मुलाच्या भल्यासाठी केलं, त्याबद्दल कुणाला बोल लावता येणार नाही. पण ज्या शाळेने आपल्या आजोबांना शिकवलं तिच्या आजच्या टक्क्याबद्दल बोलताना आपणही त्या आकड्यात आहोत, वजाबाकीच्या बाजूला, एवढं मान्य करायला हवं. परत मुलं घालायला कुणी सांगत नाही. विचारायला मात्र जाता येतं.

काय विचारायचं

प्रत्येक सरकारी हायस्कूलला शाळा व्यवस्थापन आणि विकास समिती असते, तिला सगळे एसएमडीसी म्हणतात. पालक, माजी विद्यार्थी, वस्तीतली माणसं तिथे प्रश्न मांडू शकतात. निकाल किती, हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी हे मागा: तीन वर्षांपूर्वी नववीला किती मुलं होती आणि त्यांतली दहावी किती पास झाली. विषयवार निकाल, कारण एकूण टक्क्यात गणित बुडून जातं. नववीच्या बेसलाइनचे गुण आणि त्याच मुलांचे दहावीचे गुण, शेजारी-शेजारी. ऑक्टोबर-नोव्हेंबरची हजेरी, कारण स्थलांतर आणि दिवाळीनंतरची गळती तिथे दिसते. जूनमधली हजेरी काहीच सांगत नाही. मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि गणित-इंग्रजीचा अतिथी शिक्षक कोणत्या तारखेला रुजू झाला. नावं मागू नका. मुलांची नावं आणि जात उघड करणारा कागद शाळेने देऊही नये. बेरजा पुरतात.

शाळेने दिलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो: मध्य प्रदेशात शुल्क १० रुपये, बीपीएल कार्ड असेल तर तेही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. पण बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही. असे प्रश्न सहसा कुणी विचारतच नाही, त्यामुळे विचारले की मुख्याध्यापक स्वतःच रजिस्टर काढून बसतात.

आलेले आकडे एका साध्या वहीत लिहायचे. प्रत्येक वर्षाला एक पान: वर डावीकडे नववीची पटसंख्या, तिच्या खाली बेसलाइनला किती तयार आणि किती कच्ची, उजवीकडे दोन वर्षांनी त्यातली किती पार. पहिलं पान नव्याने सुरू केलं तर भरायला दोन वर्षं लागतात, म्हणून जुन्या नोंदींवरून मागची तीन पानं आधी भरून घ्यावीत. जुलैत नववीचे प्रवेश चालू असताना जाणं बरं. तेव्हा रजिस्टर टेबलावरच असतं, आणि कोणतं मूल कोणत्या शाळेतून आलं ते लिपिकाला तोंडपाठ असतं.